वाचता येतं, पण वाचत नाही!

लंच अवरमध्ये डबे उघडले की हल्ली दोनच विषय. एक अप्रेझल आणि दुसरा पोरं. पहिल्यावर आपल्या हातात फारसं काही नसतं, म्हणून गाडी लवकरच दुसऱ्यावर येते. 'अगं, आमचा अजिबात वाचत नाही.' 'आमची वाचते, पण फक्त इंग्लिश. मराठी पुस्तक दाखवलं की लगेच पोटात दुखतं तिच्या.' 'आमच्याकडे प्रदर्शनातून आणलेली दोन हजारांची पुस्तकं पडून आहेत. एक उघडलं असेल तर शपथ!' मग कुणीतरी मोबाइलला शिव्या घालतं, कुणीतरी शाळेला, आणि दोन वाजता सगळे आपापल्या स्क्रीनसमोर परत.

मोबाइलची वकिली करायला मी बसलेली नाही. पण मंडळी, या तक्रारी ऐकायला सारख्या असल्या तरी आतून अगदी वेगळ्या आहेत. एकाला वाचताच येत नाही. दुसऱ्याला येतं, पण त्यात इतके कष्ट पडतात की मजा येण्याआधीच दम लागतो. तिसरी भराभर वाचते, पण वाचलेलं डोक्यात शिरत नाही. चौथ्याला सगळं जमतं, फक्त त्याच्या आवडीचं पुस्तक अजून त्याच्या हाती पडलेलं नाही. आणि आपण चौघांनाही औषध एकच देतो. 'वाच रे जरा!'

म्हणून आधी वाचणं म्हणजे नक्की काय, ते बघू. एक छोटासा प्रयोग करा. गावाकडच्या जमिनीचा सातबारा घरात कुठल्यातरी फाइलमध्ये असेलच. तो काढा आणि मोठ्यानं वाचा. फेरफार, पोटखराब, आकार, इतर हक्क... एका अक्षरालाही अडणार नाही तुम्ही. पण कळलं किती? (पोटखराब म्हणजे लागवडीला न चालणारी जमीन. पोट बिघडण्याशी तिचा संबंध नाही!) आपली तिसरीतली मुलं पर्यावरणाचं पुस्तक वाचतात तेव्हा त्यांचं बरेचदा असंच होत असतं. आवाज येतोय, अर्थ गैरहजर.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये ही गोष्ट फार सोप्या पद्धतीनं मांडली. त्यांच्या मते वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. पहिली, छापलेल्या खुणांवरून शब्द ओळखणं. दुसरी, तेच वाक्य कुणी बोलून दाखवलं असतं तर ते कळणं. गुणाकार आहे हं, बेरीज नव्हे. म्हणजे दोन्हींतली एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही भक्कम असू दे, उत्तर शून्यच. आपण घरी आणि शाळेत सगळा जोर लावतो तो पहिल्या बाजूवर. बाराखडी, जोडाक्षरं, फोनिक्सचे क्लास, फ्लॅशकार्ड्स. दुसरी बाजू मात्र आपोआप येईल असं धरून चालतो. मराठी तर घरातच बोलतो ना आपण? मग अडचण काय?

अडचण आहे, आणि ती मराठीच्या बाबतीत जास्तच आहे. आपली लिपी इंग्लिशपेक्षा सोपी, असं आपण अभिमानानं सांगतो. 'जसं लिहितो तसं वाचतो!' बऱ्याच अंशी ते खरंही आहे. 'टफ', 'थ्रू' आणि 'दो' या तिन्ही इंग्लिश शब्दांत तीच चार अक्षरं येतात आणि तिन्ही वेळा उच्चार वेगळा, असला छळ मराठीत नाही. पण आता जरा सहा वर्षांच्या मुलाच्या खुर्चीत बसून बघा. क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं. झाली की चारशेच्या वर अक्षरं! त्यातली ह्रस्व वेलांटी म्हणजे आणखी एक कोडं. 'कि' म्हणताना इ नंतर येते, पण कागदावर ती क च्या आधी उभी असते. आणि र चं काय सांगायचं! 'सूर्य' मध्ये तो डोक्यावर चढतो, 'प्रकाश' मध्ये पायाशी तिरका पडतो, 'राष्ट्र' मध्ये तंबू ठोकून बसतो आणि 'दुसऱ्या' मध्ये मधल्या मधे लटकतो. हिंदी शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला हे शेवटचं प्रकरण येत नाही, आपल्या मुलांच्या येतं. त्यामुळे पहिलीत मराठी 'झालं' असं होत नाही. जोडाक्षरांवर हात बसेपर्यंत तिसरी-चौथी उजाडते, आणि त्यात मुलाची काही चूक नसते.

खरी गंमत पुढेच आहे. आपल्या लिपीत सगळं लिहिलेलं असतं असं वाटतं, पण ते तसं नाही. 'चार' मधला च वेगळा आणि 'चाक' मधला वेगळा, पण अक्षर एकच. 'जग किती मोठं आहे' मधलं जग आणि 'शंभर वर्षं जग' मधलं जग, दोन्ही कागदावर हुबेहूब जुळे. उच्चार कुठला करायचा, हे कोण सांगणार? कान सांगणार. ज्या मुलानं दोन्ही शब्द शेकडो वेळा ऐकलेत, ते वाक्याच्या ओघात बरोबर उच्चार करून मोकळं होतं. ज्यानं ऐकले नाहीत, ते अडखळतं.

तीच गोष्ट सरळसाध्या शब्दांची. मूल आधी एकेक अक्षर सुटं वाचतं. क... र... व... त. चारही अक्षरं बरोबर, पण ती जोडून 'करवत' हा शब्द तेव्हाच उमटतो, जेव्हा तो आधीपासून डोक्यात कुठेतरी असतो. डोळे अर्ध्या वाटेपर्यंत येतात आणि उरलेल्या वाटेवर कान येऊन हात धरतो. आता सांगा, दहाव्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये वाढणाऱ्या पोरानं करवत हा शब्द कधी ऐकलाय? उखळ, ओसरी, ओढा, चिमटा, गोठा? आपल्या घरातलं मराठी म्हणजे 'चल, शूज घाल, बस मिस होईल, टिफिन फिनिश कर.' प्रेमळ आहे, पण तुटपुंजं आहे. या मराठीवर गोष्टीचं पुस्तक वाचायचं म्हणजे चिल्लर घेऊन मॉलमध्ये जाण्यासारखं आहे.

मग हे शब्द यायचे कुठून? पुस्तकातूनच. पण पुस्तक वाचायला तर आधी हे शब्द हवेत! हा तिढा सुटतो तो एकाच जागी. कुणीतरी मोठ्या माणसानं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवलं की. सहा वर्षांचं पोर स्वतः 'घर बघ, कमळ बघ' एवढंच वाचू शकत असलं, तरी कानानं ते तीन इयत्ता पुढची गोष्ट सहज पचवतं. प्राथमिक शाळेची बरीचशी वर्षं कान असाच डोळ्यांच्या पुढे धावत असतो. आणि आज कानातून गेलेला शब्द दोन वर्षांनी डोळ्यांसमोर आला की अनोळखी वाटत नाही.

'हो, पण आम्ही वाचून दाखवायचो की! चार वर्षांची होईपर्यंत रोज.' ओळखीचं वाटतंय? बहुतेक घरांत नेमकं हेच होतं. लेक बाळ असते तेव्हा रोज रात्री पुस्तक. पहिलीत जाऊन ती दोन वाक्यं वाचायला लागली रे लागली की आईबाबा सुटकेचा निःश्वास टाकतात. 'आता तुला येतं ना? मग तूच वाच!' बिचारीला वाटतं, वाचता यायला लागल्याची ही शिक्षा आहे. कालपर्यंत आईच्या कुशीत राक्षस, समुद्र आणि चोरांच्या गोष्टी ऐकायच्या आणि आज एकटीनं बसून 'बदक पाण्यात पोहते' वाचायचं. तुम्ही वाचलं असतं? ज्या वर्षी मुलाला आपल्या आवाजाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वर्षी आपण तो बंद करतो. या लेखात एकच सांगायचं असेल तर मी हेच सांगेन. मूल स्वतः वाचायला लागल्यावर वाचून दाखवणं थांबवू नका. निदान चौथी-पाचवीपर्यंत तरी नाही.

हे एवढं हातघाईवर येऊन का सांगतेय? कारण तिसरीच्या आसपास एक मोड येतो. तोवर मूल वाचायला शिकत असतं, तिथून पुढे शिकण्यासाठी वाचावं लागतं. इतिहास, विज्ञान, अगदी गणिताची शाब्दिक उदाहरणंसुद्धा. ज्याचं वाचन इथे अडकतं, त्याचं सगळंच अडकतं. कीथ स्टॅनोविच या संशोधकानं १९८६ मध्येच दाखवून दिलं होतं की ज्यांना वाचणं सोपं जातं ती मुलं जास्त वाचतात, जास्त वाचल्यानं त्यांचे शब्द वाढतात, त्यामुळे वाचणं आणखी सोपं होतं. ज्यांना जड जातं ती वाचन टाळतात, आणि मग ते आणखी जड होतं. चक्रवाढ व्याज! एसआयपीच्या जाहिराती पाठ असणाऱ्या आपल्या पिढीला हे समजावून सांगायला नको.

देशाचं चित्र काय आहे? 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झाली. तिच्या 'असर' अहवालासाठी २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना प्रत्यक्ष वाचायला लावलं जातं. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण सरकारी शाळांमध्ये तिसरीतल्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. पाचवीतल्या ४४.८ टक्के मुलांना. म्हणजे पाचवीतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीचा धडा वाचू शकत नाहीत. आणि कोविडनंतरच्या २०२२ च्या आकड्यांपेक्षा हे सुधारलेले आकडे आहेत!

'हे ग्रामीण भागाचं झालं, आमच्या शाळेची फी माहितेय का?' माहितेय. पण आपल्या सोसायटीतल्या मराठी मुलांच्या मराठी वाचनाचं माप घ्यायला कुणी येत नाही, म्हणून ते बरं आहे असं थोडंच आहे? २०२० मध्ये कायदा होऊन राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. आठवड्याच्या त्या मोजक्या तासांत प्रश्नोत्तरं उतरवून मार्कही मिळतात. पण आजीनं वाढदिवसाला कार्डावर लिहिलेल्या चार ओळी नातीला वाचता येत नाहीत, अशी घरं मला एक नाही, चार माहीत आहेत. आजी विचारते, 'आवडलं का गं?' नात म्हणते, 'हो आजी.' आणि कार्ड आईकडे सरकवते.

बरं, आता करायचं काय? रोज पंधरा मिनिटं. रात्री नऊला घरी पोहोचत असाल तर सकाळची पंधरा. शनिवार-रविवारी दोन तासांचा 'क्वालिटी टाइम' काढण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं कितीतरी कामाची. आणि प्लीज, हे खातं फक्त आईच्या नावावर नको. बाबांनीही वाचायचं. राक्षसाचा आवाज काढायला बहुतेक बाबा मनातून उत्सुकच असतात, फक्त कुणी विचारत नाही त्यांना. आजोबा सांगलीला असतील तर शनिवारी व्हिडिओ कॉलवर एक गोष्ट त्यांनी वाचावी. 'जेवलास का, शाळेत गेलास का' यानंतर दोघांनाही बोलायला काही सुचत नाही, तो प्रश्नही मिटेल.

वाचताना पुस्तक मुलाला दिसेल असं धरा. लहान असेल तर ओळीखालून बोट फिरू द्या. अवघड शब्द आला की तो गाळू नका, सोपाही करू नका. 'ओसरी म्हणजे आपल्या आजोळी पुढे बसायची जागा आहे ना, ती', एवढं म्हणा आणि पुढे चला. मग हळूहळू वाटणी करा. एक पान तुमचं, एक ओळ त्याची. तो अडला की लगेच तोंडात शब्द कोंबू नका, मनात पाचपर्यंत मोजा. अर्ध्या वेळा तो स्वतःच सुटतो. 'घोडा' ऐवजी 'घोडी' वाचलं तर जाऊ द्या हो. गोष्टीचा अर्थ बिघडत असेल तरच टोका.

आणि गोष्ट संपल्यावर 'मग यातून आपण काय शिकलो?' हा प्रश्न कृपा करून विचारू नका. सिनेमा बघून बाहेर आल्यावर तुम्हाला कुणी तात्पर्य विचारलं तर? त्यापेक्षा मधे मधे गप्पा मारा. 'हा असा का वागला असेल?' 'आता काय होईल?' 'तू असतीस तर?' ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या गटानं १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं होतं. प्रश्न विचारा, मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत द्या, आणि हळूहळू गोष्ट त्यालाच सांगू द्या. जेमतेम महिनाभरात त्या मुलांचं बोलणं, नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेलं.

एकच पुस्तक चाळिसाव्यांदा मागितलं तर? वाचा. तुम्हाला कंटाळा येतो हे मान्य, पण प्रत्येक फेरीत त्याच्या हाती काहीतरी नवं लागत असतं. आणि पाठ झालेल्या पुस्तकावर बोट फिरवत 'वाचायचं' नाटक हे पहिल्या वाचनाचंच रूप आहे. त्याला 'चीटिंग' म्हणू नका.

बक्षिसांचं मात्र जपून. 'एक पुस्तक वाच, एक चॉकलेट' ही योजना कॉर्पोरेट इन्सेंटिव्हसारखी झकास वाटते. पण १९७३ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. ज्या बालवाडीतल्या मुलांना आधीच चित्र काढायला आवडायचं, त्यांतल्या काहींना 'चित्र काढा, बक्षीस देऊ' असं सांगितलं. बक्षीस मिळालं. नंतर मोकळ्या वेळात याच मुलांनी बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढली. खेळ होता, त्याचं काम झालं! हे कोणाच्या लक्षात आलं नसेल तर आपला टार्गेट बोनस आठवा.

वाचायला द्यायचं काय, हा पुढचा प्रश्न. इथे आपण फार सोवळं पाळतो. कॉमिक्स चालत नाहीत, क्रिकेटचं पान चालत नाही, डायनोसॉरचंच पुस्तक पाचव्यांदा चालत नाही. का बुवा? १९८८ मध्ये अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉलमध्ये मुरलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळाचा गंध नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे ज्याला 'सिली पॉइंट' आणि 'रिव्हर्स स्वीप' झोपेत कळतं, त्याच्यासाठी मराठी पेपरातली सामन्याची बातमी हे झकास पाठ्यपुस्तक आहे. रोज सकाळी ते पान त्याच्या ताटाशेजारी ठेवा आणि गप्प बसा.

मराठीत चांगलं काही नाहीच, ही तक्रार आता शिळी झाली. अगदी छोट्यांसाठी माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आहेत. त्या लिहितातही आणि चित्रंही काढतात, आणि त्यातली घरं, भांडणं, आजी-आजोबा अगदी आपल्यातले असतात. 'राधाचं घर' किंवा 'यश' हातात घेऊन बघा. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. थोड्या मोठ्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. २०१७ चा सिनेमा पाहिलेल्यांनाही बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, हे सांगावं लागतं. आज हडपसरच्या पुढे आयटी पार्कच्या कॅब जिथे ट्रॅफिकमध्ये अडकतात ना, तेच ते फुरसुंगी. पोराला सायकलवरच्या बन्याच्या रस्त्यानं एकदा गाडीतून फिरवून आणा आणि पुस्तक वाचायला घ्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तुमच्या लहानपणीचा अंक शोधून काढा. चित्रांसकट आठवेल. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठीसकट ढीगभर भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत, तीही सोप्याकडून अवघडाकडे पायऱ्या लावलेली. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं तर पिझ्झ्याच्या एका एक्स्ट्रा टॉपिंगच्या किमतीत येतात. आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाताय ना? पाचगणीजवळचं भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, जाऊन बसा आणि वाचा. स्ट्रॉबेरी क्रीम त्यानंतर.

स्क्रीन अगदीच सुटत नसेल, तर तिलाच कामाला लावा. टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवायचे, ही कल्पना १९९६ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी पुढे आणली आणि पुढे ती दूरदर्शनच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत आली. गाणं पाठ असतं, डोळे आपोआप शब्दांवर जातात. मराठी गाण्याचा शब्दांसकट व्हिडिओ मिळाला तर तोच लावा.

आता शाळेकडे वळू. पेरेंट्स मीटिंगला आपण तासभर रांग लावतो आणि विचारतो काय, तर 'मार्क का कमी आले?' त्याऐवजी यावेळी विचारा, 'लायब्ररीतलं पुस्तक मुलं घरी नेऊ शकतात का?' बऱ्याच शाळांत पुस्तकांचं कपाट असतं, पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली रजेवर असते. 'फाटतील हो!' अहो, फाटू द्या. फाटलेलं पुस्तक कुणीतरी वाचल्याचा पुरावा असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे आपण उपकार मागत नाही.

दुसरं विचारा, 'बाई वर्गात मोठ्यानं गोष्ट वाचतात का?' आणि 'मुलांना आपापलं गुपचूप वाचायला वेळ मिळतो का?' आठवड्याला वीस मिनिटं असली तरी चालेल. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिनी, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. चांगलंच आहे ते. पण १६ ऑक्टोबरला ती पुस्तकं कुठे जातात, हा माझा साधा प्रश्न आहे.

एका पद्धतीवर तर माझा खास राग आहे. एकेकानं उठून धड्याचा एकेक परिच्छेद वाचायचा, ही ती पद्धत. ज्याला नीट वाचता येत नाही तो आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार हे मोजण्यात गुंग असतो, बाकी धडा त्याच्या कानावरही पडत नाही. मग तो उठतो, अडखळतो, मागच्या बाकावरून खसखस पिकते. असं दहा वेळा झालं की पोरगं कायमचं ठरवून टाकतं, 'मला वाचन आवडत नाही.' आवडत नाही कुठलं, भीती वाटते त्याला! शिक्षकांनी जोडीजोडीनं वाचायला लावलं, किंवा आधी स्वतः वाचून दाखवून मग मुलांना दिलं, तर खर्च शून्य. पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' ही संस्था 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम चालवते. कलाकार शाळांमध्ये जाऊन पुस्तकातल्या गोष्टी नाट्यरूपात सादर करतात. गोष्ट आधी रंगून ऐकली-पाहिली की पुस्तकाकडे जायला मुलांना धक्का द्यावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र पंधरा मिनिटांवर सोडू नका. मूल बोलायला चुणचुणीत आहे, ऐकलेलं सगळं कळतंय, रोज वाचून दाखवताय, शाळाही बरी आहे, आणि तरीही दुसरी-तिसरीत अक्षरं ओळखताना सतत झगडतंय? आळस म्हणू नका. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' बघून आपण सगळेच रडलो होतो. पण घरातला ईशान ओळखायला मात्र वेळ लावतो. आधी डोळे आणि कान तपासा. मग डिस्लेक्सियासाठी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. काही मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांतही ती होते आणि तिथल्या प्रमाणपत्रावर परीक्षेत सवलती मिळतात. अशा मुलांना अक्षरं शिकवायची पद्धत वेगळी असते, आणि ती जितक्या लवकर सुरू होईल तितकी बरी. 'मोठा झाला की येईल' म्हणत चौथीपर्यंत थांबलेल्या घरांत नंतर अभ्यासापेक्षा पोराचा गेलेला आत्मविश्वास परत आणण्यात जास्त वर्षं जातात.

बाकी सगळ्यांनी आज रात्रीपासून सुरुवात करायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात मूल सोफ्यावर उलटं लटकून ऐकेल, मधेच पाणी मागेल, 'त्यापेक्षा फोन दे' म्हणेल. वाचत राहा. दुसऱ्या आठवड्यात तुम्हालाच एका रात्री कॉल येईल आणि दांडी पडेल. पडू द्या, दुसऱ्या दिवशी परत बसा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी तुम्ही दमून आलेले असाल आणि हळूच दोन पानं एकदम उलटवाल. 'आई, ते कुत्र्याचं पान राहिलं!' असा आवाज आला, की मुकाट्यानं मागे जा आणि कुत्र्याचं पान वाचा.